बर्फवृष्टीत कॅमेरा बंद पडणे, लेन्सवर धुके साचणे आणि बर्फ करडा दिसणे : काय आणि कोणत्या क्रमाने तपासावे

सोलापुरात कॅमेरे दुरुस्त करताना फेब्रुवारी महिना मला एकाच तक्रारीवरून ओळखता येतो. मकरसंक्रांतीला सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेत नंदीध्वजांची मिरवणूक टिपलेला कॅमेरा पंधरा-वीस दिवसांनी गुलमर्गची किंवा मनालीची बर्फवृष्टी पाहून परततो आणि तो माझ्या टेबलावर ठेवताना मालक म्हणतात, "बर्फात भिजला, तेव्हापासून नीट चालत नाही." हा बिघाड अनेक वर्षे पुन्हा पुन्हा हाताळल्यावर माझे मत असे झाले आहे की, पडत्या बर्फाने थेट निकामी झालेले कॅमेरे फार थोडे असतात, बहुतेकांचे नुकसान बर्फातून उबदार खोलीत आल्यानंतरच्या पहिल्या अर्ध्या तासात झालेले असते. या अर्ध्या तासात काय करावे हे ठाऊक असते, तर यातले बरेच कॅमेरे माझ्याकडे आलेच नसते, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

लक्षणे

पहिले लक्षण बॅटरीचे. हॉटेलातून निघताना बॅटरी पूर्ण भरलेली दिसते आणि बाहेर वीस-पंचवीस फोटो होताच कॅमेरा बंद पडतो. खोलीत आल्यावर तीच बॅटरी पुन्हा अर्धी भरलेली दाखवते. दुसरे लक्षण फोटोंचे. डोळ्यांना शुभ्र दिसलेला बर्फ फोटोत राखेसारखा करडा किंवा निळसर येतो, देवदाराचे झाड अस्पष्ट राहते आणि कॅमेऱ्याजवळून गेलेले हिमकण मोठ्या पांढऱ्या ठिपक्यांसारखे सगळ्या चौकटीवर पसरतात. तिसरे लक्षण धुक्याचे. लेन्सवर धुरकट थर येतो. कधी तो पुसला जातो, कधी पुसूनही जात नाही, कारण तो काचेच्या आतल्या बाजूला असतो. शेवटचे लक्षण प्रवास संपून सहा-सात महिने झाल्यावर, सोलापुरातल्या पावसाळ्याच्या अखेरीस उमटते. लेन्समध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसू लागतात आणि त्यांचा संबंध जानेवारीतल्या बर्फाशी असेल, असे कोणाच्या मनातही येत नाही.

तपासणी सुरू करण्याआधी हवामानाची एक गोष्ट लक्षात घ्यावी, कारण त्यावरून कोणता बिघाड संभवतो हे बरेचसे ठरते. हिवाळ्यात काश्मीर आणि हिमाचलात होणारी बर्फवृष्टी पश्चिमी विक्षोभांमुळे, म्हणजे भूमध्य समुद्राच्या बाजूने पूर्वेकडे सरकत येणाऱ्या हवामान प्रणालींमुळे होते. आकाश ढगांनी भरलेले असताना आणि बर्फ पडत असताना तापमान पुष्कळदा शून्याच्या आसपासच असते, त्यामुळे तो बर्फ ओलसर असतो आणि कॅमेऱ्यावर पडताच विरघळू लागतो. विक्षोभ पुढे सरकून आकाश निरभ्र झाले की रात्रीचे तापमान झपाट्याने उतरते. काश्मिरात २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस चालणाऱ्या चिल्ले कलानच्या काळात गुलमर्गला ते उणे १० अंशांखाली जाणे नवलाचे नाही. थोडक्यात, बर्फ पडत असताना भीती पाण्याची असते आणि तो थांबल्यानंतर थंडीची. कॅमेरा नेमका कधी बिघडला हे मी गिऱ्हाइकाला सर्वांत आधी विचारतो, ते यासाठीच.

करडा बर्फ : एका बटणाचे काम

यात कॅमेरा बिघडलेला नसतो, त्यामुळे ही तपासणी फुकट होते आणि म्हणून ती पहिली करावी. कॅमेऱ्यातला प्रकाशमापक समोरचे दृश्य मध्यम करडे, म्हणजे सुमारे १८ टक्के प्रकाश परावर्तित करणारे आहे असे धरून चालतो. ताजा बर्फ ८० ते ९० टक्के प्रकाश परत पाठवतो. समोर इतका उजेड पाहून मापक प्रकाश कमी करतो आणि पांढऱ्याचा करडा होतो. यावर उपाय म्हणजे अधिक-उणे चिन्हाचे बटण दाबून एक्स्पोजर +१ ते +२ पर्यंत वाढवणे; मोबाइलवर बर्फावर बोट टेकवून सूर्याचे चिन्ह वर सरकवले की तेच घडते. पडद्यावरच्या चित्रावर मात्र विसंबू नये, कारण लख्ख बर्फात डोळे दिपलेले असताना योग्य फोटोही काळवंडलेला वाटतो. हिस्टोग्राम, म्हणजे फोटोत डावीकडे गडद आणि उजवीकडे उजळ भाग किती हे दाखवणारा आलेख पाहावा, त्याचा डोंगर उजवीकडे सरकलेला, पण उजव्या कडेला आदळून कापला न गेलेला असावा.

याचा सराव करण्यासाठी बर्फाची वाट पाहण्याचे कारण नाही. गड्डा यात्रेत पांढऱ्या बाराबंदीतले हजारो भाविक एकाच चौकटीत येतात, तेव्हा कॅमेऱ्याची नेमकी हीच फसगत होते आणि दरवर्षी मिरवणुकीचे मळकट दिसणारे फोटो घेऊन लोक माझ्याकडे लेन्स स्वच्छ करायला येतात. अक्षता सोहळ्याच्या दिवशी +१ वर ठेवून फोटो काढून पाहावेत, म्हणजे गुलमर्गला हात आपोआप त्या बटणाकडे जाईल.

निळसर छटा वेगळ्या कारणाने येते. सावलीतल्या बर्फावर थेट ऊन पडत नाही, निळ्या आकाशाचा प्रकाश पडतो आणि बर्फ तो प्रामाणिकपणे परत पाठवतो. व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाच्या रंगानुसार छटा जुळवणारी सोय, सावलीवर किंवा ढगाळवर ठेवावा आणि शक्य असेल तर फोटो रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या स्वरूपात साठवावेत, म्हणजे घरी परतल्यावरही छटा सुधारता येते. थोडा निळेपणा मी स्वतः राहू देतो, कारण संध्याकाळचा बर्फ खरोखरच निळा असतो.

फोकस चुकणे आणि पांढरे ठिपके

फ्लॅश बंद करावा. फ्लॅशचा उजेड दूरच्या झाडापर्यंत पोहोचण्याआधी लेन्ससमोरच्या हिमकणांवर पडतो आणि तेच कण फोकसबाहेरचे मोठे ठिपके होऊन उमटतात. स्वयंचलित फोकस एखादी ठळक कड शोधत असतो आणि दाट हिमवर्षावात त्याला जवळ उडणारे कण तेवढे ठळक सापडतात. म्हणून झाडाच्या खोडावर किंवा घराच्या छपराच्या कडेवर एकदा फोकस करून लेन्स मॅन्युअलवर, म्हणजे हाताने फोकस करण्यावर टाकावी. हिमकण हवेत गोठल्यासारखे हवे असतील तर शटर १/५०० सेकंद किंवा त्याहून वेगवान ठेवावे, पडत्या बर्फाच्या रेषा हव्या असतील तर १/३० ते १/६० पुरते. लेन्सवर हूड, म्हणजे पुढे बसवायची आडोशाची कडी, लावलेला असावा. तो उन्हासाठी असतो असे समजून लोक घरी ठेवून येतात, पण बर्फवृष्टीत लेन्सची काच कोरडी ठेवण्याचे निम्मे काम तो करतो.

बॅटरी

बंद पडलेला कॅमेरा हातात आला की मी आधी बॅटरी काढून तळहातात धरतो. लिथियम-आयन बॅटरीत वीज मिळते ती आयन द्रावणातून एका बाजूकडून दुसरीकडे सरकल्यामुळे. थंडीत ही हालचाल मंदावते, अंतर्गत रोध वाढतो आणि कॅमेऱ्याने एकदम जास्त वीज मागितली की व्होल्टेज इतके खाली येते की कॅमेरा बॅटरी संपल्याचे समजून बंद होतो. बॅटरी संपलेली नसते. बहुतेक कॅमेऱ्यांच्या माहितीपुस्तिकेत वापराची मर्यादा ० ते ४० अंश अशी दिलेली असते, आणि गुलमर्गच्या रात्री ती केव्हाच ओलांडलेली असते.

उपाय साधा आहे. दोन बॅटऱ्या घ्याव्यात. एक कॅमेऱ्यात आणि दुसरी स्वेटरच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवावी आणि थोड्या थोड्या वेळाने त्यांची अदलाबदल करावी. खिशात सुटी नाणी किंवा किल्ल्या असू नयेत, बॅटरीच्या टोकांवर प्लॅस्टिकची टोपी असावी. गारठलेली बॅटरी लगेच चार्जिंगला लावू नये, कारण शून्याखालच्या तापमानात चार्ज केल्यास लिथियम धातूरूपाने आत साचतो आणि बॅटरी कायमची दुबळी व धोकादायक होते. ती खोलीच्या तापमानाला येईपर्यंत तासभर थांबावे. बॅटरी आणि कॅमेरा यांच्या जोडाच्या धातूच्या पट्ट्या कोरड्या सुती कापडाने पुसाव्यात.

सोलापूरकरांनी आणखी एक गोष्ट तपासावी, आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० च्या वर जातो आणि बंद गाडीत किंवा पत्र्याच्या खोलीत ठेवलेली बॅटरी त्याहूनही तापते. उष्णतेने बॅटरी लवकर म्हातारी होते, तिचा अंतर्गत रोध कायमचा वाढतो. घरच्या हवेत हे जाणवत नाही, पण थंडीत ते पहिल्या तासात उघडे पडते. म्हणजे बर्फात मान टाकणारी बॅटरी पुष्कळदा सोलापूरच्या उन्हाळ्यातच निम्मी गेलेली असते. तीन-चार उन्हाळे काढलेली बॅटरी असेल तर निघण्यापूर्वी नवी घ्यावी. सपाट टेबलावर ठेवून ती डुलत असेल, म्हणजे फुगलेली असेल, तर ती कॅमेऱ्यात पुन्हा घालू नये. तिथे तपासणी संपली.

ज्या थंडीत बॅटरी थकते त्याच थंडीत बोटेही थकतात. बोटांची टोके पांढरी पडून बधिर झाली, तर तो हिमदंशाचा आरंभ असू शकतो. अशा वेळी फोटो थांबवून आडोशाला जावे, बोटे काखेत धरून गरम करावीत, ती चोळू नयेत, बर्फाने तर मुळीच नाही आणि बुखारीच्या, म्हणजे तिकडे खोली गरम ठेवणाऱ्या शेगडीच्या धगीवरही धरू नयेत. बधिरपणा जात नसेल, फोड आले असतील किंवा सोबतचा माणूस अडखळत बोलू लागला असेल, तर डॉक्टरांकडेच जावे. हिमवादळात जमीन आणि आकाश एकसारखे पांढरे होऊन दिशा कळेनाशी झाली, तर चांगल्या चौकटीच्या शोधात वाटेवरून पाऊल बाहेर टाकू नये. स्थानिक वाटाड्या परत फिरा म्हणाला की परत फिरावे.

धुके : बाहेरचे की आतले

लेन्सची पुढची काच कोरड्या मायक्रोफायबर कापडाने एकदाच हलके पुसून पाहावी. धुके गेले तर ते बाहेरचे होते आणि पुढे काही करण्याची गरज नाही. काचेवर साचलेला बर्फ तोंडाने फुंकून उडवण्याची सवय मात्र मोडावी. आपला श्वास उबदार आणि बाष्पाने भरलेला असतो. तो थंड काचेवर गोठतो आणि मग निघता निघत नाही. त्यासाठी रबरी फुग्याचा ब्लोअर किंवा मऊ ब्रश वापरावा.

पुसूनही धुके जात नसेल तर ते मागच्या काचेवर, भिंगांच्या मध्ये किंवा कॅमेऱ्याच्या आत आहे. इथे सर्वांत मोठा मोह लेन्स काढून पाहण्याचा होतो. एका तरुणाचा कॅमेरा मला आठवतो. दिवसभर बर्फात उत्तम चाललेला कॅमेरा त्याने संध्याकाळी हॉटेलच्या खोलीत, बुखारीशेजारी बसून, घरच्यांना फोटो दाखवण्यासाठी बॅगेतून बाहेर काढला. लेन्स एका क्षणात पांढरी झाली. पुसून जाईना म्हणून त्याने लेन्स कॅमेऱ्यापासून काढली, तेव्हा खोलीतली दमट हवा आतल्या गारठलेल्या सेन्सरपर्यंत, म्हणजे चित्र टिपणाऱ्या पट्टीपर्यंत पोहोचली आणि तिथेही पाणी धरले. मग त्याने हेअर ड्रायर लावला. माझ्याकडे तो कॅमेरा आला तेव्हा सेन्सरवर सुकलेल्या थेंबांचे डाग होते आणि लेन्सच्या फिरत्या भागातले ग्रीस वितळून प्रकाशाचे छिद्र लहान-मोठे करणाऱ्या पाकळ्यांवर उतरले होते. बर्फाने त्यातले काहीही केले नव्हते, आणि त्या मुलाचाही दोष म्हणवत नाही, कारण त्याला हे कोणी सांगितलेलेच नव्हते.

असे का होते, हे समजायला आपल्या घरातला तांब्या पुरे. बर्फाचे पाणी भरलेला स्टीलचा तांब्या पावसाळ्यात बाहेरून पाझरल्यासारखा ओला होतो. ते पाणी आतले नसते, हवेतले बाष्प थंड पृष्ठभागावर जमलेले असते. एप्रिलच्या कोरड्या हवेत तोच तांब्या कमी ओला होतो. खोलीत २० अंश तापमान आणि ५० टक्के आर्द्रता असेल, तर ज्या तापमानाखाली दव जमते ते दवबिंदू तापमान सुमारे ९ अंश येते. उणे ८ अंशांवरून आत आलेला कॅमेरा ९ अंशांच्या वर चढेपर्यंत त्याच्या प्रत्येक भागावर, आतल्या बाजूलाही, दव जमत राहते. हॉटेलच्या खोलीत वाळत घातलेले ओले मोजे आणि उकळता चहा असेल तर आर्द्रता आणखी वाढते.

यावरचा उपाय दहा-वीस रुपयांचा आहे. बाहेर बर्फातच असताना कॅमेरा बंद करावा, त्यावरचा बर्फ ब्रशने झटकावा, मेमरी कार्ड आणि बॅटरी काढून खिशात ठेवावी आणि कॅमेरा घट्ट बंद होणाऱ्या झिपच्या पिशवीत घालून शक्य तितकी हवा दाबून काढावी. ही पिशवी सोलापुरी टॉवेलमध्ये गुंडाळून बॅगेत ठेवावी आणि मगच खोलीत पाऊल टाकावे. आता जे दव जमेल ते पिशवीच्या बाहेरच्या बाजूला जमेल, कारण पिशवीतली हवा बर्फात भरलेली, थंड आणि कमी बाष्पाची आहे. टॉवेलमुळे कॅमेरा सावकाश गरम होतो. जाड लेन्स असेल तर तीन तास, नाहीतर किमान दोन तास पिशवी उघडू नये. फोटो पाहण्याची घाई असते हे मी समजू शकतो, आणि म्हणूनच कार्ड आधी काढायला सांगतो.

चहापुरते आत येऊन पुन्हा बाहेर जायचे असेल, तर कॅमेरा आत आणूच नये. बंद व्हरांड्यात किंवा गाडीच्या डिकीत, बॅगेत बंद करून, कोणाच्या तरी नजरेसमोर ठेवावा आणि फक्त बॅटरी आत आणावी. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातील जेरिको गावचा शेतकरी विल्सन बेंटली याने १५ जानेवारी १८८५ रोजी सूक्ष्मदर्शक जोडलेल्या कॅमेऱ्याने हिमकणाचे आपले पहिले छायाचित्र घेतले आणि पुढे आयुष्यभरात ५,००० हून अधिक हिमकण टिपले. त्याचे सगळे काम गरम न केलेल्या खोलीत चालत असे. हिमकण वितळू नये म्हणून त्याने तसे केले, पण बर्फाचे फोटो काढणाऱ्या प्रत्येकाने त्याची ही शिस्त उचलावी असे मला मनापासून वाटते.

धुके आत गेलेच तर

बॅटरी लगेच काढावी आणि कॅमेरा चालू करून पाहू नये. नुसत्या पाण्याने जेवढे नुकसान होते त्यापेक्षा पाणी आणि वीज एकत्र आल्यावर सर्किटवरच्या धातूची झीज फार वेगाने होते, म्हणून "एकदा सुरू होतो का बघू" हा प्रयत्न सर्वांत महागात पडतो. कॅमेरा आणि लेन्स हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या भरपूर पुड्यांसह ४८ तास ठेवावीत. दाणे रंग बदलणारे असतील तर पाहत राहावे. निळे गुलाबी झाले किंवा नारिंगी हिरवे झाले की ते भरले, नवे घालावेत. प्रवासात सिलिका मिळणार नाही, म्हणून ते सोलापुरातूनच न्यावे.

तांदळाच्या डब्यात ठेवण्याचा उपाय बरेच जण करतात. तांदूळ ओलावा फार हळू शोषतो आणि त्याची पिठूळ धूळ लेन्सच्या कडीत आणि बटणांत शिरते. ती धूळ मी अनेकदा काढली आहे. गच्चीवरच्या उन्हातही ठेवू नये. लेन्स सूर्याकडे वळली तर भिंगातून एकवटलेले ऊन शटर जाळू शकते, आणि तसे झाले नाही तरी तापलेले ग्रीस पसरतेच. वाळवण्यासाठी बुखारीजवळ किंवा कांगडीवर, म्हणजे काश्मिरी निखाऱ्यांच्या भांड्यावर धरणे हे ड्रायरइतकेच वाईट आहे, शिवाय दारे-खिडक्या पूर्ण लावून बुखारी पेटती ठेवल्यास कार्बन मोनॉक्साइडने माणसाच्या जिवालाच धोका होतो.

४८ तासांनी धुके पूर्ण गेले असेल तर बॅटरी घालून पाहावे आणि घरी आल्यावर आणखी आठवडाभर कॅमेरा सिलिकासह डब्यातच ठेवावा. हा आठवडा लोक टाळतात. डोळ्यांना न दिसणारा उरलेला ओलावा चामड्याच्या बंद बॅगेत कपाटात पडून राहतो, पुढे पावसाळा येतो, सोलापुरात सर्वाधिक पाऊस पडतो तो सप्टेंबर उजाडतो, आणि आर्द्रता ६०-६५ टक्क्यांच्या वर टिकून राहिली की भिंगांवर बुरशी धरते. दर महिन्याला लेन्सची दोन्ही टोपणे काढून मागून टॉर्चचा उजेड टाकावा आणि पुढून तिरके पाहावे. धुळीचे ठिपके असतील तर चिंता नको. फांद्या फुटलेले धागे दिसले तर ती बुरशी आहे.

घरी हात थांबवावा ते इथे

धागे दिसणारी लेन्स स्वतः उघडू नये. भिंगांमधले अंतर मिलिमीटरच्या अंशांत जुळवलेले असते, ते पुन्हा जुळवायला साधने लागतात. आणि बुरशी जास्त काळ राहिली तर तिच्या आम्लाने काचेवरचा लेप खरवडला जातो, मग स्वच्छ करूनही डाग राहतात. आत पाण्याचे थेंब हलताना दिसत असतील, ४८ तासांनंतरही धुके असेल, झूम फिरवताना करकर होत असेल, जळका वास आला असेल किंवा प्रत्येक फोटोत त्याच जागी डाग येत असेल, तर तिथेच थांबावे. फ्लॅश असलेल्या कॅमेऱ्याचे स्क्रू तर कोणत्याही कारणाने काढू नयेत. फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये सुमारे ३०० व्होल्ट दाब असतो आणि बॅटरी काढल्यावरही तो बराच काळ टिकून राहू शकतो.

कॅमेरा दुरुस्तीला देताना कागदावर चार गोष्टी लिहून सोबत द्याव्यात : तो कोणत्या दिवशी भिजला किंवा धुकावला, त्या वेळी बर्फ पडत होता की आकाश निरभ्र होते, त्यानंतर तो किती वेळा चालू करून पाहिला, आणि ड्रायर, ऊन किंवा तांदूळ यांपैकी काय वापरले. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर द्यायला लोक संकोचतात, पण ते कळले तर मी आधी ग्रीस तपासायचे की धूळ, हे ठरवता येते आणि कॅमेरा एकदाच उघडावा लागतो.